सावकाश या

लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीचा निरोप घेऊन मी एकटा निघालो आणि थोड्याच वेळात पुन्हा सासुरवाडीच्याच अंगणात येऊन उभा राहिलो, अशी माझ्या वैवाहिक जीवनाची सुरुवात आहे. भाद्रपदातली उतरती दुपार होती. नुकताच पोळा होऊन गेला होता. त्या सणानंतरच्या उन्हाला एक वास असतो, ओल्या मातीचा, बाजरीच्या कणसांचा आणि बैलांच्या शिंगांना लावलेल्या तेलकट हिंगुळाचा. तो वास साऱ्या शिवारावर तलम वस्त्रासारखा पसरला होता. गाव मागे पडलं तसा रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत, एक काळा दगड उभा दिसला. त्यावर त्याच हिंगुळानं लिहिलेली ओली, तांबडी अक्षरं नुकत्याच पेटलेल्या निखाऱ्यासारखी लखलखत होती: 'सावकाश या.'

मी स्कूटर थांबवली. नोकरीनं मी कारकून आणि स्वभावानं तर्कनिष्ठ. 'या' असं जो दगड म्हणतो तो येणाऱ्यालाच म्हणणार. म्हणजे मी येतो आहे. म्हणजे गाव अजून पुढे आहे. म्हणजे मारुतीच्या देवळापाशी वळताना माझी दिशा चुकली. इतका निर्दोष युक्तिवाद मी पुन्हा आयुष्यात केला नाही. स्कूटर वळवली, दगडाच्या आज्ञेबरहुकूम अत्यंत सावकाश चालवली आणि ज्या फाटकातून निघालो होतो त्याच फाटकात शिरलो.

मामी अजून तिथंच उभ्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणायची रीत आहे. कपाळावर आडवा हात, पदराचं टोक दातांत, आणि नजर मी नाहीसा झालो होतो त्या वळणावर. मला परत आलेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेषासुद्धा उमटली नाही. "आलात? बसा, चहा टाकते," एवढंच त्या म्हणाल्या. सुरेखा, माझी नवी नवरी, पहिल्या सणाला माहेरी थांबलेली. ती दाराची चौकट धरून हसत सुटली. मी माझा युक्तिवाद सविस्तर मांडला. मामींनी तो गंभीरपणे ऐकून घेतला आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "हसू नको गं. इतकी वर्सं लिहायले मी, पण वाचून तसं वागणारा पयला माणूस जावई निघाला."

त्यानंतर त्या रस्त्यानं आम्ही कितीदा ये-जा केली त्याला मोजदाद नाही. दरवेळी दगड दिसला की मागच्या सीटवरून, आणि पुढे गाडी आल्यावर शेजारच्या सीटवरून, सुरेखा समोर पाहत शांतपणे म्हणायची, "अहो, सरळ." आमच्या संसाराचं ब्रीदवाक्य काय असं कुणी विचारलं, तर तेच सांगावं लागेल.

मामी मागच्या हिवाळ्यापासून नाहीत. इथं जे क्रियापद सहज यायला हवं होतं ते मी टाळलं आहे, कारण आमच्या घरात ते कुणी वापरत नाही. सुरेखाला सख्खं भावंड नाही. सासरे मी पाहिलेही नाहीत. त्यामुळे मामींच्या घराला कुलूप लागलं त्या दिवशी ती एकच वाक्य बोलली, "माझं माहेर संपलं." आणि मग त्या रस्त्याचं नाव तिनं काढलं नाही. गावातून तिचा चुलतभाऊ दिगंबर कसायला घेतलेल्या मामींच्या शेतातल्या मोसंब्या पाठवायचा. त्या सोलतानाही ती सालीकडे अशी बघायची, जणू कुणा अनोळखी झाडाच्या आहेत.

त्या रस्त्याविषयी, आणि त्याला बोलायला लावणाऱ्या बाईविषयी, थोडं सांगायला हवं.

पैठण रस्त्यानं चितेगावचे कारखाने मागे पडले की डावीकडे एक वाट फुटते. मोठ्या रस्त्यावरच्या पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, तेव्हा औरंगाबाद असायचं. ते काहीही असो, त्या पाट्या आपल्या मोठ्या गावांची नावं आणि अंतरं सांगून गप्प बसतात. डावीकडे वळलं की मात्र रस्ता बोलायला लागायचा. कपाशीच्या आणि तुरीच्या हिरव्या लाटांमधून, मोसंबीच्या बागांच्या कडेकडेनं जाणारी ती अरुंद डांबरी वाट म्हणजे मामींचा ओटा होता, आणि ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याशी जसं बोलावं तसं त्या रस्त्यावरच्या माणसांशी दगडांवरून, तुटक्या फरशांवरून, एका जुन्या कुळवाच्या फळीवरून बोलायच्या.

नाल्यापाशी लिहिलेलं होतं: 'पाणी आलं तर थांबा. पाणी वसरस्तोवर आमच्याकडं चहा घ्या.' डबक्यापाशी: 'म्हशी उठत नायत. तुमी थांबा.' शाळेपाशी फक्त एवढंच: 'इथं लेकरं पळत्यात. लेकरंच हायेत ती.' सुगीच्या दिवसांत एक फरशी खास बाहेर निघायची आणि डांबरावर वाळत घातलेल्या धान्यापाशी भिंतीला टेकून बसायची: 'बाजरी वाळायली. कडंनं या.' आणि कडुलिंबाच्या अलीकडे, जिथं रस्ता एकदम काटकोनात अंग मुरडायचा आणि फटफटीवरची पोरं त्या मुरडण्याकडे दुर्लक्ष करून शेतात जायची, तिथं कुळवाच्या फळीवर: 'पुढं वळण हाय. तुमाला बी असू द्या.'

ही शेवटची पाटी वाचून एक पोरगा भांडायला आला होता म्हणे. माझ्या आईबापानं मला वळण लावलं नाही असं म्हणायचंय का, असं त्यानं विचारलं. मामींनी त्याच्या खरचटलेल्या कोपराकडे बघितलं, हळदीचा डबा आणला, आणि हळद भरता भरता म्हणाल्या, "तुला लागलं नसतं तर मी बी मानलं असतं रं बाबा."

ही सगळी अक्षरं वर्षातून एकदा नवी व्हायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. शिंगं रंगवून वाटीत जो हिंगूळ उरायचा, तो फेकायचा कशाला, या साध्या काटकसरीतून ती रीत पडली. हातात वाटी, शिंदीच्या काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला, डोक्यावर उन्हासाठी पदर, अशा मामी सकाळी निघायच्या आणि उन्हं कलेपर्यंत एकेका पाटीपुढे बसून गेल्या वर्षीच्या फिकटलेल्या शब्दांना पुन्हा रक्त चढवायच्या. बैलांची शिंगं आणि रस्त्याचे शब्द एकाच रंगात न्हायचे. पुढे बैल विकले, दावणीला ट्रॅक्टर आला, तरी आठवडी बाजारातून हिंगुळाची पुडी यायची थांबली नाही. दुकानदारानं विचारलं, "मावशी, बैल कुठं हायेत आता?" तर मामी म्हणाल्या, "रस्ता हाय की. त्याला काय कमी शिंगं हायेत?"

अक्षरांचं म्हणाल, तर त्यांचीही एक गोष्ट आहे. मामी शाळेत गेलेल्या नव्हत्या. सुरेखा पहिलीत असताना पाटीवर गिरवायची आणि मामी चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता, पिठावर बोटानं तेच गिरवायच्या. सुरेखाच्या तेव्हाच्या 'य'ला पोट फार मोठं होतं, नुकत्याच जेवलेल्या माणसासारखं. बाईंनी वर्गात ते पोट आत घ्यायला लावलं. मामींना कुणी बाई नव्हत्या. त्यांचा 'य' जन्मभर तसाच तुंदिल राहिला. लेकरू आईचं वळण घेतं असं आपण समजतो. इथं आईनं लेकीचं घेतलं, आणि लेकीनं टाकून दिलेलं ते बाळपणीचं अक्षर उन्हापावसात रस्त्याच्या कडेला सांभाळून ठेवलं.

आता त्या 'या'विषयी. मुळात गावाच्या शेवटी ग्रामपंचायतीची पत्र्याची पाटी होती, 'सावकाश जा.' मामींना ती वाचता यायला लागली तो दिवस त्या पाटीच्या दृष्टीनं वाईट ठरला. "निघणाऱ्याला जा म्हणत्यात व्हय? जा म्हणायला तो काय भूत हाय?" असं म्हणून त्यांनी विळ्यानं 'ज' खरवडला आणि तिथं आपला 'य' बसवला. पुढे वादळात तो पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन पडला आणि गोठेवाल्यानं तो तिथंच ठोकून टाकला. तेव्हा मामींचा पाटा फुटला होता. त्यांच्या लग्नात त्यांच्या माहेराहून आलेला, टाकीच्या घावांनी अंगभर खवलेला, मिरच्यांचा ठसका आत मुरलेला काळाभोर पाटा. त्याचा मोठा तुकडा त्यांनी बाभळीखाली उभा पुरला. पाटा होता, त्याची पाटी झाली.

मला तेव्हापासून वाटत आलं, की यामागे एखादं खोल दुःख असणार. कुणीतरी कधीतरी 'जातो' म्हणून निघालं असेल आणि आलं नसेल. एका पोळ्याला, मोठी हळवी प्रस्तावना करून, मी विचारलंच. मामी माझ्याकडे जरा काळजीनं बघत राहिल्या. "दुक्ख कशाला लागतंय, जावईबापू? बोलायची रीत हाय." आणि सुरेखाला आत हाक मारून म्हणाल्या, "यांना काय जड जेवायला दिलं का गं?"

पण निरोपाच्या वेळी त्यांना ज्यानं पाहिलं, त्याला ती नुसती रीत वाटली नसती. त्या हात हलवत नसत. आमची गाडी निघाली की त्या फाटकाच्या खांबाला खांदा टेकून उभ्या राहायच्या, मान किंचित कलती, डावा कान रस्त्याकडे. दिसेनासं झाल्यावर ऐकायला सुरुवात व्हायची. कडुलिंबापाशी हॉर्न, नाल्याच्या उतारावर बदललेला गिअर, चढावरचा तो दमलेला सूर, एकेक आवाज त्या माळेतल्या मण्यासारखा बोटांवरून सोडायच्या, आणि शेवटी, जेव्हा फक्त वारा आणि तुरीच्या शेंगांची किणकिण उरायची, तेव्हा म्हणायच्या, "लागली रस्त्याला." मगच फाटक ओढलं जायचं. हे सगळं मला दिगंबरनं सांगितलं. जो जातो त्याला आपल्या पाठीमागची ही शांतता कधी ऐकू येत नाही. ती फक्त थांबलेल्याच्या वाट्याला येते.

शेवटचे काही आठवडे त्या आमच्याकडे, छावणीतल्या घरी होत्या. थंडीचे दिवस, खिडकीत लिंबाच्या पिवळ्या पानांची गळती, आणि पहाटे लष्कराच्या बाजूनं येणारा बिगुलाचा लांब, धुक्यात भिजलेला स्वर. तो ऐकला की मामी डोळे न उघडता विचारायच्या, "कोण निघालं?" कुणी नाही, सैनिकांना उठवतायत, असं सुरेखानं सांगितलं की म्हणायच्या, "मग ठीक हाय. बोलवायलेत." एका पहाटे त्यांनी विचारलं नाही. बिगूल वाजून संपला, आणि त्यानंतरची शांतता पहिल्यांदाच आमच्या वाट्याला आली.

मग पोळा आला. मामींशिवायचा पहिला. सुरेखानं मातीचे बैल मांडले आणि पुरण केलं. मला ठाऊक होतं, की दुसऱ्या दिवशीचं ऊन शिवारात कुंचल्याची वाट बघून मावळलं असेल.

त्यानंतर महिनाभरानं दिगंबरचा फोन आला. तो फोनवरही बांधावरून बोलल्यासारखं बोलतो, त्यामुळे मला शेजारी बसून सगळं ऐकू आलं. "ताई, रस्त्याचं काम चालू झालंय. सिमेंटचा करायलेत, रुंद. काकूच्या पाट्या निघाल्या समद्या. बाभळीखालचा तेवढा दगड राहिलाय, तो बी उद्या-परवा निघंल. काय करू सांग. तुला पायजे का? नायतर मुरुमात जाईल बघ."

सुरेखानं फोन ठेवला. बराच वेळ ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हीच जा. घेऊन या तो दगड. बाल्कनीत ठेवू कुंड्यांपाशी."

तुम्हीच जा. इतक्या वर्षांच्या संसारात भांडणातसुद्धा तिनं मला 'जा' म्हटलं नव्हतं. फार चिडली तर 'या बघू तुम्ही जाऊन' म्हणायची, व्याकरणाची मोडतोड करून शेवट 'या'कडेच वळवायची. तो उघडा शब्द ऐकला आणि मला कळलं, की माहेर संपलं असं ही म्हणते ते नुसतं म्हणत नाही. दगड आणायचा आहे तो मूर्ती विसर्जनानंतर पाट घरी आणतात तसा. त्यानंतर त्या वाटेला पुन्हा पाय लागणार नाहीत.

मला अशा वेळी योग्य ते बोलता येत नाही. जे सुचलं ते बोललो. "मी एकटा गेलो तर येणार कसा? पाटी वाचली की मी वळतो. तिथंच फेऱ्या मारत बसेन."

ती हसली नाही. पण उठून चप्पल शोधायला लागली.

रविवारची दुपार होती. आश्विन लागलेला, ऊन तेच पोळ्यानंतरचं, फक्त थोडं पिकलेलं. चितेगावपर्यंत सुरेखा खिडकीतून बाहेर बघत होती. डावीकडे वळल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. बरंच झालं. नाल्यावर नवा पूल उभा राहत होता आणि चहाचं आमंत्रण देणारी फरशी कुठल्या तरी भरावात गाडली गेली होती. म्हशींचं डबकं बुजलं होतं. कडुलिंब होता, पण त्याच्या पुढचं वळण नव्हतं. रस्ता नाकासमोर सरळ, मापात, एखाद्या सुशिक्षित माणसासारखा चालला होता. कुळवाची फळी कडेला उलटी पडलेली. दिगंबर तिथंच आमची वाट बघत उभा होता. गाडीत बसता बसता म्हणाला, "दाजी, वळणच काढून टाकलं बघा सरकारनं. आता पोरान्ला कुठून लागायचं?"

आणि मग बाभूळ आली. म्हणजे बाभळीची जागा आली. तिथं एक अवाढव्य पोकलेन आपला दात्र्यांचा पंजा जमिनीला टेकून, दमलेल्या जनावरासारखं उभं होतं, आणि त्याच्यापासून दूर, शेताच्या बांधावर, चार विटांच्या चौथऱ्यावर मामींचा दगड. त्याच्यावर झेंडूचं फूल होतं. पुढे फोडलेला नारळ, आणि विझलेल्या उदबत्तीची राख वाऱ्यानं हळूहळू ढळत होती.

सुरेखा गाडीतून उतरली आणि तशीच उभी राहिली. "हे काय रे, दिगू?"

दिगंबर ओशाळला. पोकलेनवाला, एक भरघोस मिशांचा माणूस, फार लांबून, परप्रांतातून आलेला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. पण टाकीनं घडवलेला काळा दगड आणि त्यावरचा तांबडा रंग त्यानं वाचला, आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ एकच होत होता. त्यानं मशीन बंद केलं होतं, गावातून नारळ आणवला होता, हात जोडले होते, आणि मग तो दगड पंज्यानं नव्हे तर स्वतःच्या हातांनी उचलून बांधावर बसवला होता. "मी म्हणलो त्याला, ताई," दिगंबर सांगायला लागला, "अरे बाबा, ये देव नहीं है, हमारी काकू है! तर म्हणतो कसा, काकू है तो भी पूछ के ही उठाना पडता है."

आधी सुरेखाच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ती रडते आहे. मी पुढे झालो, तर ती हसत होती. चौकट धरून हसली होती तशीच, फक्त आज धरायला चौकट नव्हती म्हणून तिनं माझा दंड धरला. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "मायला कळलं असतं तर नारळाची चटणी केली असती तिनं." हिवाळ्यापासून ती पहिल्यांदाच आईविषयी बोलत होती.

मी मात्र आलेलं काम उरकायच्या घाईत होतो. गाडीची डिकी उघडली, खाली गोणपाट अंथरलं, बाह्या सरसावल्या आणि दगडाला हात घातला. दगड हलला नाही; माझ्या कमरेतलं काहीतरी हललं. पोकलेनवाला लांबून बघत होता. त्याच्या मिशा सभ्यपणे गंभीर होत्या.

"राहू द्या," सुरेखा म्हणाली.

"अगं, दिगंबर लावेल हात."

"नको. इथंच राहू द्या." ती दगडापुढे बसली. बोटांनी झेंडूचं फूल बाजूला केलं. उन्हानं, पावसानं ती अक्षरं इतकी फिकट झाली होती की टाकीच्या खाचांमध्ये तेवढा रंग धुगधुगत होता. "बाल्कनीत नेऊन कुणाला या म्हणणार हा? आपण तर तिथंच असतो."

मग ती उठली, आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाली, "किल्ली द्या."

ती किल्ली हिवाळ्यापासून गाडीच्या खणात पडून होती. माझ्याजवळ आहे हे तिला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं. ती एकटीच घराकडे गेली. आम्ही दोघं पुरुष, रस्ता किती रुंद होणार यावर, कुणालाही नको असलेली चर्चा करत उभे राहिलो. तिच्या चपलांचा आवाज विरत गेला, दूरवर फाटक करकरल्याचा आला, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी नकळत मान कलती करून ऐकत होतो हे दिगंबरच्या बघण्यावरून माझ्या लक्षात आलं.

परतली तेव्हा तिच्या हातात वाटी होती. भिंतीतल्या दिवळीत हिंगुळाची पुडी होती म्हणाली, न फोडलेली. दुखणं वाढायच्या आधीच मामींनी या पोळ्याची सोय करून ठेवली होती. समईतलं जुनं तेल घालून तिनं तो खलला होता. आणि शिंदीचा ठेचलेला कुंचलाही तिथंच, वाटीत टेकवून ठेवलेला मिळाला होता.

सुरेखा मांडी घालून बसली आणि लिहायला लागली. ऊन आता तिरपं होऊन दगडाच्या कुशीत शिरलं होतं. कापसाच्या फुटलेल्या बोंडांवरून परावर्तित झालेला एक मऊ पांढुरका उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. 'सावकाश' झालं. 'य'पाशी तिचा हात क्षणभर अडला. शाळेनं लावलेला तिचा नीटनेटका, सडपातळ 'य' मी रोज फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांत बघतो. पण कुंचला खाचेतून फिरला तो जुन्या वाटेनं फिरला, आणि दगडावर ते पोट उमटलं, गोल, तृप्त, सहा वर्षांच्या मुलीच्या हातचं. आईनं जे सांभाळायला घेतलं होतं ते ज्याचं त्याला परत मिळालं. मी शेजारी उभा होतो. आधीचं अक्षर कुठलं आणि नंतरचं कुठलं, मला ओळखता आलं नाही.

पोकलेनवाल्यानं नव्या रस्त्याची हद्द पाहून, तिच्या बाहेर, बांधाच्या कडेला खड्डा करून दिला. दगड उभा राहिला. दिगंबरनं झेंडूचं फूल पुन्हा वर ठेवलं. म्हणाला, असू दे, त्यामुळं कुणी हात लावायचा नाय. निघताना त्यानं गाडीच्या टपावर थाप मारली. "येता ना, ताई?" सुरेखा फक्त मान हलवून गाडीत बसली.

मी गाडी सुरू केली. दगड उजव्या अंगाला आला, त्याची ओली अक्षरं मावळतीत पेटली होती. मी सवयीनं सुरेखाच्या 'अहो, सरळ' या दोन शब्दांची वाट पाहिली. ते आले नाहीत. दगड मागे पडला. आरशात तो लहान होत गेला, आणि मला वाटलं, काळाच्या रस्त्यावर आपण ज्या पाट्या वाचत आलो त्या सगळ्या जायला सांगणाऱ्याच होत्या. वय, ऋतू, कॅलेंडरची पानं, सगळी कशी नम्रपणे पुढे ढकलतात. एखादंच माणूस असं भेटतं की जे आपल्या पाठमोऱ्या आकृतीलाही येणारा समजतं, आणि ते स्वतः दिसेनासं झाल्यावरही त्याचं बोलावणं कडेला उभं राहतं, ऊन खात, पावसात भिजत, कुणीतरी वाचेल म्हणून. हे मी मनात जुळवत होतो आणि बरंच जुळत आलं होतं, एवढ्यात सुरेखा समोर पाहत शांतपणे म्हणाली,

"अहो, वळवा गाडी."

मी ब्रेक लावला. "काय राहिलं?"

"काही नाही. पाटीवर लिहिलंय ना, या म्हणून."